बडोद्यातून एअर क्वालिटी सेन्सर एक्सपोर्ट करायचेत? आधी डेटाचा पुरावा, मग पेटी

मकरपुरा जीआयडीसीत किंवा पोर, वाघोडियाकडे एअर क्वालिटी मॉनिटर, गॅस डिटेक्टर, वेदर स्टेशन असलं काही बनवणारा माणूस भेटला की एक प्रश्न हमखास येतो, "बाहेर कसं पाठवायचं?" आणि बहुतेकांना वाटतं की आयईसी (एक्सपोर्ट-इंपोर्टचा सरकारी नंबर) काढला, अलिबाबावर फोटो टाकले, एक सीई (युरोपात विकायला लागणारी खूण) सर्टिफिकेट मिळवलं की झालं. तसं होत नाही. पंप किंवा व्हॉल्व्ह विकताना गिऱ्हाईक ड्रॉइंग आणि मटेरियल बघतं, पण हवेच्या सेन्सरचं गिऱ्हाईक पहिल्या मीटिंगमध्येच विचारतं की तुमचा आकडा खरा कशावरून. त्याचं उत्तर कागदावर तयार नसेल तर पुढचं सगळं, म्हणजे किंमत, डिस्काउंट, एक्झिबिशनचा स्टॉल, वाया जातं. म्हणून ह्या लेखात मी क्रम मुद्दाम उलटा लावलाय, आधी पुरावा, मग मार्केट, मग सर्टिफिकेट, आणि कस्टमचे कागद त्यानंतर.

सुरुवात: आपण नक्की काय विकतोय ते ठरवा

हवा मोजणाऱ्या वस्तूंचे ढोबळ तीन गट पडतात. सरकारी रेग्युलेटरी स्टेशनमध्ये लागतात ते रेफरन्स दर्जाचे मॉनिटर, उदाहरणार्थ बीटा अ‍ॅटेन्युएशनवाले (बीटा किरण धुळीत किती अडतात त्यावरून मोजणारे). त्यांची किंमत, टेस्टिंग आणि मान्यता हा वेगळाच खेळ आहे, छोट्या युनिटने सुरुवातीला तिकडे जाऊच नये. दुसरा गट इंडिकेटिव्ह (अंदाज देणाऱ्या) मॉनिटरचा, म्हणजे लेझर स्कॅटरिंगने पीएम २.५ आणि पीएम १० (हवेतले बारीक आणि थोडे जाड धूलिकण) मोजणारे, इलेक्ट्रोकेमिकल सेलने एनओ२, ओझोन, सीओ, एसओ२ हे वायू मोजणारे, खांबावर लावायचे डबे. तिसरा गट इनडोअर, यात एनडीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने मोजणाऱ्या) सेन्सरने सीओ२, शिवाय व्हीओसी (रंग, सॉल्व्हंट वगैरेंची वाफ), तापमान, आर्द्रता. आपल्याकडची बहुतेक युनिट्स दुसऱ्या-तिसऱ्या गटात बसतात, आणि बाहेर मागणीही तिथेच पसरतेय, कारण रेफरन्स स्टेशन महाग असतं, शहरभर गल्लोगल्ली लावता येत नाही.

कॅटलॉगमध्ये "हाय अ‍ॅक्युरसी, रेफरन्स ग्रेड" असं लिहायचा मोह सोडा. जाणकार गिऱ्हाईक तो शब्द वाचूनच फोल्डर बंद करतं. "इंडिकेटिव्ह मॉनिटर, अमुक रेंज, अमुक आर्द्रतेपर्यंत तपासलेला, हा घ्या डेटा" असं लिहिलेलं जास्त विकलं जातं.

कोलोकेशन, आणि इथे कंजूषी करू नका

कोलोकेशन म्हणजे तुमचे सेन्सर रेफरन्स मॉनिटरच्या शेजारी लावून दोघांचे आकडे रोज पडताळणे. नंदेसरीसारख्या ठिकाणी कंटिन्युअस स्टेशन आहे, राज्याच्या प्रदूषण बोर्डाशी किंवा एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या एन्व्हायर्नमेंट डिपार्टमेंटशी बोलून जागा मिळवता येते का ते बघा. रीतसर पत्र द्या, डेटा त्यांच्याशीही शेअर करू म्हणा.

कसं करायचं याचा सगळ्यात सोपा आणि जगभर ओळखला जाणारा नमुना अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेने २०२१ मध्ये दिला. पीएम २.५ च्या सेन्सरसाठी त्यांची फील्ड टेस्ट अशी: एकाच मॉडेलचे कमीत कमी तीन नग, कमीत कमी ३० दिवस, आणि वेगवेगळ्या हवामानाच्या दोन जागी किंवा दोन सीझनमध्ये. मग रोजच्या सरासरीवर, आपला आकडा रेफरन्सच्या आकड्यासमोर मांडून आणि त्यातून सरळ रेषा काढून हिशोब करायचा. स्लोप (रेषेचा उतार) १ च्या आसपास, ०.३५ वर-खाली चालतो. इंटरसेप्ट (रेफरन्स शून्य असताना रेषा दाखवते तो आकडा) उणे ५ ते अधिक ५ मायक्रोग्रॅमच्या आत. आर स्क्वेअर (दोन्ही आकडे एकत्र किती वर-खाली होतात) ०.७० किंवा जास्त; एरर, म्हणजे आरएमएसई, ७ मायक्रोग्रॅमपर्यंत. तीन नगांचं एकमेकांशी जुळणं हाही निकष आहे आणि तो बरेचजण विसरतात, एक नग सुंदर चालतो आणि बाकी दोन कुठल्या कुठे. हे ईपीएचं सर्टिफिकेट नाही, ईपीए अशा सेन्सरना शिक्का देत नाही, हे टार्गेट आहेत, तुम्ही स्वतः टेस्ट करून रिपोर्ट त्यांच्या फॉरमॅटमध्ये मांडायचा. कॅलिफोर्नियातल्या साउथ कोस्ट एक्यूएमडी या हवा नियंत्रण संस्थेचा एक्यू-स्पेक नावाचा कार्यक्रम मात्र २०१४ पासून बाजारातले सेन्सर स्वतः तपासून रिझल्ट जाहीर करतो, आणि तिथे नाव आलेलं मॉडेल अमेरिकेबाहेरही लोक ओळखतात.

आपल्या बडोद्याचा इथे खरा फायदा आहे. हिवाळ्यात कोरडी धुळकट हवा आणि पावसाळ्यात ९० टक्क्यांच्या वर जाणारी आर्द्रता, दोन्ही घरबसल्या मिळतात. लेझरवाले सेन्सर दमट हवेत फुगवून आकडा दाखवतात कारण धुळीचे कण पाणी ओढून घेतात आणि जाड होतात, लेझरला ते मोठे दिसतात. ज्याने फक्त डिसेंबर-जानेवारीचा डेटा घेतला त्याला हे कधी कळतच नाही, आणि मग माल बँकॉकला पोचल्यावर गिऱ्हाईकाकडून कळतं. तर एक महिना हिवाळ्यातला आणि एक महिना ऑगस्टमधला, असा डेटा घ्या, आर्द्रतेचं करेक्शन फर्मवेअरमध्ये बसवा, आणि करेक्शन कसं केलंय ते लपवू नका, कच्चा आकडा आणि सुधारलेला आकडा दोन्ही गिऱ्हाईकाला द्या. युनिव्हर्सिटीवाले आणि नगरपालिकांचे सल्लागार कच्चा डेटा हटकून मागतात.

गॅस सेलचं आणखी एक. बायस व्होल्टेज (सतत थोडं व्होल्टेज) लागणारे काही इलेक्ट्रोकेमिकल सेल पॉवर गेल्यानंतर परत स्थिर व्हायला बराच वेळ घेतात, कधी दिवसभर. पेटी उघडून लावल्या लावल्या आलेले आकडे मोजायचे नाहीत हे क्विक स्टार्टच्या पहिल्या पानावर ठळक छापा. नाहीतर पहिल्याच दिवशी "डिफेक्टिव्ह पीस" म्हणून मेल येतो. आणि एन्क्लोजरच्या गास्केटला आरटीव्ही सिलिकॉन वापरत असाल तर थांबा, त्याच्या वाफेने मेटल ऑक्साइड सेन्सर आणि पेलिस्टर (ज्वलनशील गॅसचे सेन्सर) खराब होतात. सिलिकॉन नसलेला सीलंट घ्या.

मार्केट एकच निवडा, पहिल्या वर्षी एकच

"आम्ही चाळीस देशांत द्यायला तयार" असं म्हणणाऱ्याचा माल बहुधा एकाही देशात टिकत नाही. प्रत्येक देशाची हवा वेगळी, रेडिओ बँड वेगळा, एक्यूआय (हवेच्या दर्जाची मोजपट्टी) वेगळा.

युरोपात मागणी येत्या काही वर्षांत वाढायचं ठोस कारण आहे. नवी अँबियंट एअर क्वालिटी डिरेक्टिव्ह (युरोपियन युनियनचा कायदा), २०२४/२८८१, डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाली. पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा २५ वरून १० मायक्रोग्रॅम, एनओ२ ची ४० वरून २०, आणि हे २०३० पर्यंत गाठायचंय. म्हणजे शहरांना जास्त ठिकाणी मोजावं लागणार. पण तिथला गिऱ्हाईक तुम्हाला सीईएन/टीएस १७६६० या सेन्सर तपासणीच्या युरोपीय स्टँडर्डबद्दल विचारणार, त्याचा गॅसचा भाग २०२१ चा आणि पीएमचा भाग २०२४ चा. त्यात सेन्सरचे क्लास १, २, ३ असे वर्ग आहेत आणि इंडिकेटिव्ह मोजमापासाठी क्लास १ ची अपेक्षा असते. इंग्लंडमध्ये बांधकाम साइटवर धूळ मोजायला एमसर्ट्स (तिथली मॉनिटरची मान्यता) मिळालेला इंडिकेटिव्ह मॉनिटर मागतात, आणि छोट्या उत्पादकाला हा कोपरा मला सगळ्यात आशादायक वाटतो, कारण काम ठरलेलं, गिऱ्हाईक ठरलेलं, आणि भाड्याने मॉनिटर देणाऱ्या कंपन्या एकदम घाऊक घेतात.

आखाती देश जवळचे, आपली माणसं तिथे आहेत, यूएईशी आपला सेपा हा व्यापार करार १ मे २०२२ पासून चालू आहे. पण तिथली हवा बघा. वाळूची धूळ जाड असते आणि स्वस्त लेझर सेन्सर जाड कण नीट पकडत नाहीत, पीएम १० खूप कमी दाखवतात. धुळीच्या वादळात आकाश पिवळं झालंय आणि तुमचा डबा सांगतोय हवा ठीक आहे, तर ऑर्डर तिथेच संपली. आखातासाठी कण मोजणारा चांगला ऑप्टिकल पार्टिकल काउंटर, बंद डब्यात उन्हाने वाढणाऱ्या तापमानाचा विचार केलेलं एन्क्लोजर, आणि इलेक्ट्रोकेमिकल सेल कोरड्या हवेत सुकतात म्हणून लवकर बदलायची सोय, ह्या तीन गोष्टी नसतील तर तिकडे इनडोअरचाच माल विका. इनडोअरवाल्यांसाठी मात्र हे लक्षात ठेवा की बहुतेक सीओ२ सेन्सर आठवडाभरातला सगळ्यात कमी आकडा म्हणजे बाहेरची ताजी हवा असं धरून स्वतःला सेट करतात. चोवीस तास माणसं असलेल्या हॉस्पिटलमध्ये किंवा कंट्रोल रूममध्ये ते गृहीतक कोसळतं. तिथे हे ऑटो करेक्शन बंद करता आलं पाहिजे.

थायलंड, इंडोनेशिया, पूर्व आफ्रिका इथे किंमत चालते आणि आपली परिस्थिती त्यांच्याशी जुळते, लाइट जाणं, नेटवर्क तुटणं, मुंग्या-कोळी आत शिरणं. लाइट गेल्यावर डेटा साठवून नंतर पाठवणारा डबा आपल्याला नवीन नाही, पण तिथल्या गिऱ्हाईकाला हे डेमोमध्ये प्लग काढून दाखवा.

रेडिओ आणि एक्यूआय

लोरा (लांब पल्ल्याचा, कमी विजेवर चालणारा रेडिओ) वापरताय? भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, युरोपात ८६८ च्या आसपास, अमेरिकेत ९०२ ते ९२८. म्हणजे अमेरिकेसाठी अँटेना आणि बऱ्याचदा मॉड्यूलही बदलावं लागतं, नुसतं फर्मवेअर बदलून बहुधा भागत नाही. सिमवाला डबा असेल तर टूजी विसरा, ते नेटवर्क अमेरिकेत आणि बऱ्याच देशांत बंद झालं किंवा होतंय, एलटीई-एम किंवा एनबी-आयओटी (अशा उपकरणांसाठीची नवी मोबाइल नेटवर्क) घ्या. कायम रोमिंगवर चालणारं सिम काही देशांत चालू देत नाहीत, म्हणून सिम तिथल्याच डिस्ट्रिब्युटरने टाकावं अशी रचना ठेवा.

एक्यूआयची गंमत समजून घ्या. पीएम २.५ चा आकडा २५ मायक्रोग्रॅम आला. आपल्या भारतीय एक्यूआयमध्ये ३० पर्यंत "चांगली", म्हणजे हिरवा रंग. अमेरिकेत मे २०२४ पासून "गुड" ची सीमा १२ वरून ९ वर आली, तर हाच २५ तिथे "मॉडरेट", पिवळा. इंग्लंडच्या १ ते १० च्या मोजपट्टीत तो ३ नंबर, "लो". आकडा एक आणि तीन देशांत तीन वेगळी उत्तरं. डॅशबोर्डमध्ये देशानुसार एक्यूआय बदलता आला नाही तर तुमचं सेन्सर कितीही अचूक असो, स्क्रीन खोटी दिसते. ॲव्हरेजिंगचा काळही तपासा, २४ तासांच्या सरासरीसाठी बनलेली मोजपट्टी मिनिटाच्या आकड्याला लावायची नसते.

सर्टिफिकेट: कुठे पैसे घालायचे

युरोपसाठी वायफाय, ब्लूटूथ, लोरा, सिम यातलं काहीही असेल तर रेडिओ इक्विपमेंट डिरेक्टिव्ह २०१४/५३ लागते, सोबत रोह्स (घातक पदार्थांवरची मर्यादा). रेडिओ नसेल तर ईएमसी (विद्युत-चुंबकीय अडथळ्याची) डिरेक्टिव्ह, आणि मेन्सवर चालत असेल तर लो व्होल्टेज. आधीच सर्टिफाइड मॉड्यूल घेतलं म्हणजे काम संपलं हा समज युरोपात चालत नाही, अख्ख्या प्रॉडक्टची जबाबदारी तुमची. १ ऑगस्ट २०२५ पासून इंटरनेटला जोडलेल्या रेडिओ उपकरणांना सायबर सिक्युरिटीची अटही आली, ईएन १८०३१ हे त्याचं स्टँडर्ड. सगळ्या डब्यांना एकच "अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन" पासवर्ड हे आता सरळ नापास होण्याचं कारण आहे. पुढे सायबर रेझिलिअन्स अ‍ॅक्ट डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू होणार, म्हणजे सिक्युरिटी अपडेट किती वर्षं देणार हे सांगावं लागेल. आज नवीन बोर्ड डिझाइन करताय तर सुरक्षित रिमोट अपडेट आत्ताच बसवा.

अमेरिकेत त्यामानाने सोपं आहे. एफसीसी (तिथली रेडिओ नियामक संस्था) आयडी असलेलं मॉड्यूल त्याच्या अटींप्रमाणे, त्याच प्रकारच्या अँटेनासह वापरलं तर आख्खी रेडिओ टेस्ट परत लागत नाही, बाकी बोर्डची पार्ट १५ ची तपासणी करून स्वतः डिक्लेरेशन देता येतं.

मकरपुऱ्यातच एर्डा ही टेस्टिंग लॅब आहे, पूर्ण सर्टिफिकेशनला जायच्या आधी तिथे किंवा एनएबीएलची मान्यता असलेल्या दुसऱ्या लॅबमध्ये आपल्याला लागणाऱ्या कुठल्या टेस्ट होतात त्याची चौकशी करा आणि प्री-कम्प्लायन्स (खऱ्या टेस्टआधीची तपासणी) करून घ्या. मोठ्या लॅबमध्ये नापास होऊन परत जाण्यापेक्षा हे फार स्वस्त पडतं. कॅलिब्रेशन सर्टिफिकेट देताना आयएसओ १७०२५ वाल्या लॅबपर्यंत साखळी दाखवता आली पाहिजे, गॅस सिलिंडरचं सर्टिफिकेटसुद्धा फाइलला लावा.

"फक्त दोन दिवसात सीई" म्हणून मेल पाठवणाऱ्या एजंटांपासून लांब राहा. सीई हा उत्पादकाने स्वतः जाहीर करायचा असतो, त्यामागे टेस्ट रिपोर्ट, सर्किट, रिस्क असेसमेंट यांची टेक्निकल फाइल असते आणि तिथला अधिकारी फाइलच मागतो.

इकडचे कागद

हा भाग सीए आणि कस्टम ब्रोकर करतात, पण काय चाललंय ते आपल्याला कळलं पाहिजे. आयईसी डीजीएफटीच्या (परदेश व्यापार खात्याच्या) साइटवर ५०० रुपयांत मिळतो आणि दरवर्षी एप्रिल ते जून दरम्यान अपडेट करावा लागतो, काही बदललं नसलं तरी. बँकेचा एडी कोड (एक्सपोर्टचे पैसे येणाऱ्या शाखेचा नंबर) आइसगेट या कस्टमच्या पोर्टलवर रजिस्टर करा. जीएसटी न भरता माल पाठवायला आरएफडी-११ फॉर्ममध्ये एलयूटी (हमीपत्र), दर आर्थिक वर्षी नवा. रॉडटेपचा (एक्सपोर्टवरचे कर परत देणाऱ्या योजनेचा) फायदा हवा असेल तर शिपिंग बिलातच तसं जाहीर करायचं, मागाहून आठवण येऊन उपयोग नसतो.

एचएस कोडवर (कस्टममध्ये वस्तूचा वर्ग सांगणारा नंबर) मात्र स्वतः बसा. गॅस किंवा धूर तपासणारी उपकरणं ९०२७.१० मध्ये येतात, तापमान-आर्द्रतेचं नुसतं मीटर ९०२५ मध्ये, हवामानाची उपकरणं ९०१५ मध्ये, स्मोक अलार्म ८५३१ मध्ये. तुमच्या डब्यात सगळंच असेल तर मुख्य काम कुठलं ते लेखी ठरवा आणि इन्व्हॉइस, कॅटलॉग, तिकडच्या इंपोर्टरचं बिल सगळीकडे तोच शब्द ठेवा. अमेरिकेची ड्युटी २०२५ पासून सारखी बदलतेय, म्हणून कोटेशनवर ड्युटी गिऱ्हाईकाची असं स्पष्ट लिहा. विषारी गॅस मॉनिटर करणाऱ्या काही वस्तू स्कोमेटच्या (परवानगीशिवाय एक्सपोर्ट न करता येणाऱ्या संवेदनशील वस्तूंच्या) लिस्टखाली येऊ शकतात, केमिकल प्लांटवाला माल असेल तर लिस्ट आधी वाचा, कारण तिथे परवानगीशिवाय माल पाठवणं हा गंभीर मामला आहे.

सेन्सरचा गाभा बहुतेकांचा बाहेरून येतो, चीन, स्वित्झर्लंड, इंग्लंडमधून. दोन परिणाम. एक, एक्सपोर्टसाठी लागणारे पार्ट अ‍ॅडव्हान्स ऑथोरायझेशनखाली ड्युटी न भरता आणता येतात, व्हॅल्यू अ‍ॅडिशन साधारणपणे किमान १५ टक्के दाखवावं लागतं. दुसरं, करारातली सवलतीची ड्युटी मिळवायला "मेड इन इंडिया" चा हिशोब पक्का लागतो, त्या कराराचे ओरिजिनचे नियम वाचून बीओएमवर (पार्टच्या यादीवर) खर्च मांडा आणि मगच सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनला अर्ज करा.

बॅटरी आणि पॅकिंग

सोलरवर चालणाऱ्या डब्यात १२.८ व्होल्ट, १२ अँपिअर-अवरचा लिथियम पॅक टाकला की तो १५३.६ वॉट-अवर होतो. १०० च्या वर गेला की विमानाने पाठवताना पूर्ण डेंजरस गुड्सचे नियम, ट्रेनिंग घेतलेला माणूस, डिक्लेरेशन, वेगळा दर. माझा सल्ला, पॅक काढून माल पाठवा आणि बॅटरी तिकडेच घ्यायला सांगा, डब्यात स्टँडर्ड कनेक्टर द्या. छोट्या बॅटरीसाठीही यूएन ३८.३ ची (लिथियम बॅटरीच्या सुरक्षा चाचणीची) टेस्ट समरी सप्लायरकडून आधी मागून ठेवा, ती नसेल तर पेटी अहमदाबाद कार्गोवरच अडते. एअरने जाणाऱ्या मालाला एफसीए (माल वाहतूकदाराला दिला की आपली जबाबदारी संपली) किंवा सीआयपी (भाडं आणि विमा आपला) टर्म वापरा, एफओबी हा जहाजाचा शब्द आहे आणि एअरमध्ये घातला की नुकसान कुणाचं यावर वाद होतो. डीडीपी (तिकडची ड्युटीसुद्धा आपण भरायची) तर पहिल्या ऑर्डरला घेऊच नका.

पेटीत सिलिका जेलच्या पिशव्या मूठभर कोंबू नका, इलेक्ट्रोकेमिकल सेलना फार कोरड्या हवेत राहायला आवडत नाही, सेलवाल्या कंपनीने दिलेली स्टोरेजची आर्द्रता पाळा. प्रत्येक नगाचा सीरियल नंबर इन्व्हॉइसवर असू द्या. उद्या नग रिपेअरला परत आला तर हाच तो माल हे कस्टमला त्यावरूनच दाखवता येतं. डेमोचे नग युरोप किंवा यूएईला नेऊन परत आणायचे असतील तर फिक्की या उद्योग संघटनेकडून एटीए कार्ने (ड्युटी न भरता तात्पुरता माल नेण्याचा कागद) घ्या.

किंमत आणि डिस्ट्रिब्युटर

इलेक्ट्रोकेमिकल सेल साधारण दोन वर्षं चालतो. त्यानंतर अख्खा डबा बडोद्याला बोलवायचा म्हणजे जाण्या-येण्याचं भाडं नव्या डब्याच्या जवळ जातं. म्हणून सेल बदलता येणारी कार्ट्रिज बनवा, इथेच कॅलिब्रेट करून तिच्या मेमरीत आकडे भरा, डिस्ट्रिब्युटरच्या माणसाने चार स्क्रू काढून बदलायची. कोटेशन तीन वर्षांच्या खर्चाचं द्या, डबा, कार्ट्रिज, डेटा सर्व्हर असं वेगळं लिहून. स्वस्त चिनी डब्याशी किमतीत भिडण्यापेक्षा हा कागद जास्त कामाला येतो.

पैशाचं म्हणाल तर पहिली ऑर्डर अ‍ॅडव्हान्सवर, नंतर उधारी दिली तर ईसीजीसीचं (एक्सपोर्टचे पैसे बुडाले तर भरपाई देणाऱ्या सरकारी विमा कंपनीचं) कव्हर घेऊन.

डिस्ट्रिब्युटरच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये एक ओळ चुकवू नका. यूएईत टीडीआरए, थायलंडमध्ये एनबीटीसी, दक्षिण आफ्रिकेत इकासा, अशा रेडिओ नियामकांची टाइप अप्रूव्हल (तिथे विकायची परवानगी) लागतात आणि बऱ्याच ठिकाणी ती स्थानिक कंपनीच्या नावावर निघतात. उद्या त्या डिस्ट्रिब्युटरशी पटलं नाही तर सर्टिफिकेट त्याच्याकडे आणि माल तुमच्याकडे अशी अवस्था होते. म्हणून सर्टिफिकेट उत्पादकाच्या सांगण्यावरून ट्रान्सफर करणं किंवा दुसऱ्याला ना-हरकत देणं बंधनकारक, हे सही करायच्या आधी लिहून घ्या. एक्सक्लुझिव्ह हक्क मागितले तर वर्षाला किती नग उचलणार तो आकडाही त्याच पानावर हवा, आणि तो पूर्ण झाला नाही तर हक्क आपोआप संपतील असंही. शिवाय पहिल्या लॉटमधले दोन-तीन नग त्याच्याच शहरात, तिथल्या रेफरन्स स्टेशनजवळ महिनाभर लावायची जबाबदारी त्याच्यावर टाका, कारण त्या शहरात दुसरं गिऱ्हाईक आलं की ते बडोद्याचा नाही, तिथलाच डेटा मागणार.